जॅझची स्वतःची पहिली चीज कशी बांधावी?

पांढरी_चार

नमस्कार मंडळी. लहानपणी पेटी शिकलो, सध्या कीबोर्ड वाजवतो. पुण्यात आम्ही चौघं सुट्टीच्या दिवशी जमतो: कीबोर्ड, बेस, ड्रम आणि आल्टो सॅक्सोफोन. प्रसिद्ध जॅझ चिजा वाजवतो, बऱ्या वाजतात. आता स्वतःची एखादी बांधावी असं वाटू लागलंय.

अडचण अशी की मी कॉर्डपासून (एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गट) सुरुवात करतो. एक देखणा मेजर सेव्हन घेतो, त्याच्यापुढे काहीतरी अनपेक्षित ठेवतो, आठ बार (चार-चार मात्रांचे) भरतात आणि वर चालच सुचत नाही. टू-फाइव्ह-वन (जॅझमधला नेहमीचा तीन कॉर्डचा क्रम) वगैरे समजतं, त्यामुळे थिअरी अगदीच कच्ची आहे असंही नाही.

ब्लूजवर (बारा बारचा ठरलेला साचा) एक प्रयत्न केलाय. सा म्हणजे एफ, पेटीची पांढरी चार. खाली रेघ असलेला स्वर कोमल. सगळे स्वर अर्ध्या मात्रेचे. पहिले दोन बार:

सा ग॒ म प नि॒ प म ग॒ | सा ग॒ म प सां नि॒ प म |

पुढचे दहाही साधारण असेच आहेत. मित्र म्हणाले, "पलटे वाटतायत." सुरुवात नक्की कुठून करायची? आणि रागांचा उपयोग होतो का?

झोपेत_गुणगुणणारा

वाचनखूण साठवली. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे गिटार आहे.

दादरची_पियानोवाली

मित्र बरोबर म्हणाले. हा धानी रागाचा पलटा (सरावाची स्वरमालिका) आहे आणि तोही श्वास न घेता.

एक करून बघा. कीबोर्ड बंद ठेवा आणि तुमची चाल फक्त टाळीने वाजवा, स्वर काढून टाका. तुमच्या बाबतीत ऐकू येईल टकटकटकटकटकटकटकटक. आता ड्यूक एलिंग्टनचं 'सी जॅम ब्लूज' (1942) तसंच टाळीने वाजवून बघा. ज्याने ते एकदा ऐकलंय तो लगेच ओळखेल. त्या चालीत स्वर किती? दोन. पंचम आणि षड्ज, बस्स. तेवढ्यावर जगभरातली जॅझ मंडळी ऐंशीहून जास्त वर्षं वाजवतायत.

नवशिक्यांना वाटतं की जॅझ म्हणजे अवघड कॉर्ड, म्हणून ते सगळे तिकडे धावतात. माझ्या अनुभवात (शिकवते, म्हणून बोलते आहे) अडतं ते लयीपाशी. थेलोनियस मंकचं 'स्ट्रेट, नो चेसर' (1951) ऐका. एक इवलासा तुकडा आहे, पण दर खेपेला वेगळ्याच मात्रेवर येऊन आदळतो, कधी लांबतो, कधी मध्येच तुटतो. तिहाईवर वाढलेल्या कानाला ही गंमत समजायला जड जाऊ नये.

तेव्हा गृहपाठ: तीन स्वर घ्या, चार नको. पहिल्या मात्रेवर काहीही वाजवायचं नाही. आणि निम्मा वेळ गप्प राहायचं.

खडूस_काका

सगळं ठीक आहे, पण घोडं पुढे की गाडी? आधी पन्नास-शंभर चिजा पाठ करा. कागदावर बघून नव्हे, कानाने उतरवून. चार्ली पार्कर, लेस्टर यंग, सनी रोलिन्स या सॅक्सोफोनवाल्यांचे सोलो गळ्यातून म्हणता आले पाहिजेत. ज्याला बंदिशी येत नाहीत तो बंदिश बांधतो म्हटल्यावर आपल्याकडे लोक हसतील, आणि जॅझमध्ये मात्र 'क्रिएटिव्हिटी'! मुंबईच्या रंगभवनातल्या जॅझ यात्रा (जॅझ महोत्सव) आम्ही ऐकलेल्या आहेत. तिथे वाजवणाऱ्यांची तयारी काय होती ते बघितलं असतं तर हा धागा निघाला नसता.

(हलके घ्या. पण घ्या.)

जर्सी_बेस

काका, निम्मं मान्य.

सनी रोलिन्सने 'ओलिओ', 'डॉक्सी' आणि 'एअरेजिन' या तीन चिजा ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या एकाच रेकॉर्डिंग सेशनला आणल्या, जून 1954. वय तेव्हा 23. तिन्ही आजही जॅम सेशनला वाजतात. त्याची तयारी जबरदस्त होती, वाद नाही. पण आधी शंभरी गाठू आणि मग लिहू असं करून तो बसला नाही. 'ओलिओ' बांधली कशावर, तर गर्श्विनच्या 'आय गॉट रिदम' (1930) या गाण्याच्या कॉर्डवर. पार्करचं 'अँथ्रोपॉलॉजी' त्याच कॉर्डवर, एलिंग्टनचं 'कॉटन टेल' त्याच कॉर्डवर. पार्करचं 1945 चं 'को-को' हे 'चेरोकी'च्या कॉर्डवर आणि 'ऑर्निथॉलॉजी' 'हाउ हाय द मून'च्या. ही जुनी पद्धत आहे. घर भाड्याचं, संसार आपला.

त्याला पैशाचंही अंग होतं. हक्क चालीवर असतो, नुसत्या कॉर्डच्या ओळीवर सहसा सांगता येत नाही. त्यामुळे रेकॉर्ड काढताना जुन्या कॉर्डवर नवी चाल बसवली की मूळ गाण्याच्या मालकाला रॉयल्टी द्यावी लागत नसे.

पांढरी_चार, तुमच्यासाठी यात थेट सल्ला आहे: कॉर्ड लिहूच नका. मंडळाला तोंडपाठ असलेली एखादी चीज घ्या, तिची चाल विसरा आणि त्याच कॉर्डवर नवी बांधा. काकांची पाठांतराची अटही त्यात आपोआप पाळली जाते.

खडूस_काका

पाळली जाते, ठीक. पण "चाल विसरा" म्हणायला सोपं आहे. निम्म्या लोकांची नवी चाल ही जुनीच असते, दोन स्वर इकडेतिकडे करून.

पांढरी_चार

सगळ्यांचे आभार. टाळीचा प्रयोग केला. निकाल पियानोवाली ताईंनी सांगितला होता तोच.

जर्सी_बेस, ब्लूजच्या कॉर्डवर बांधलं तर चालेल ना? तेही भाड्याचंच घर झालं. दुसरं, चालीतला कुठला स्वर कुठल्या कॉर्डवर ठेवायचा हे कसं ठरवता? मी धानीचे स्वर सगळ्यावर फिरवतो, चुकीचं काही वाटत नाही, पण रंगही येत नाही.

जर्सी_बेस

ब्लूजइतकं चांगलं घर दुसरं नाही. त्याची रचना मुळात गाण्याच्या शब्दांवरून आलेली आहे: चार बारची एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ उत्तरादाखल. मिल्ट जॅक्सनचं 'बॅग्ज ग्रूव्ह' किंवा रोलिन्सचं 'सनीमून फॉर टू' घ्या, त्यात तर तीच ओळ तिन्ही वेळा. चार बार सुचले की चीज झाली!

आता रंगाचं. प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर महत्त्वाचा. मूळ स्वर माझ्याकडे, म्हणजे बेसकडे, असतोच. पाचवा असला काय, नसला काय. कॉर्ड कुठला आहे हे तिसरा आणि सातवा सांगतात. तुमच्या सरगमीत:

एफ सेव्हनचा तिसरा शुद्ध ग, सातवा कोमल नि.
बी फ्लॅट सेव्हनचा तिसरा शुद्ध ध, सातवा कोमल ग.

म्हणजे पाचव्या बारला कॉर्ड बदलतो तेव्हा शुद्ध गंधार अर्ध्या पट्टीने खाली उतरून कोमल होतो. एवढा एक स्वर हलवलात की बेस आणि ड्रम बंद ठेवूनही ऐकणाऱ्याला कळेल की आपण पाचव्या बारला पोचलो. तुमच्या चालीत सगळीकडे कोमल गच आहे, म्हणून सगळे बार एकाच रंगाचे वाटतात.

नवव्या-दहाव्या बारला जी मायनर सेव्हन आणि सी सेव्हन घ्या. जी मायनर सेव्हनचा सातवा म्हणजे तुमचा सा. सी सेव्हनचा तिसरा म्हणजे शुद्ध नि. परत एफ सेव्हनवर आलात की सातवा कोमल नि. सा, नि, नि॒. उतरता जिना तयारच आहे, तुम्ही फक्त त्यावरून चालायचं.

सुरांचा_मजूर

दोन्ही गंधार, दोन्ही निषाद! मग जोग राग घ्या की सरळ. जोगमध्ये शुद्ध ग आरोहात आणि कोमल ग अवरोहात आहेच. जॅझवाले ज्याला डोरियन म्हणतात तो आपला काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, लिडियन म्हणजे कल्याण. माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' (1959) तर सरळ काफी थाट: सोळा बार पांढरी दोनवर सा धरून, आठ बार काळी दोनवर, पुन्हा आठ पांढरी दोनवर. इतकं सगळं आपल्याकडे असताना ब्लूजच्या मागे कशाला लागायचं?

दादरची_पियानोवाली

मजूरभाऊ, थाटांची जोडी बरोबर आहे आणि कानाला सवय म्हणून कामाचीही आहे. पण जोगात दोन गंधार येतात ते रागाच्या चलनामुळे, खालचा षड्ज जागचा हलत नाही. ब्लूजमध्ये गंधार बदलतो कारण खालची जमीनच सरकलेली असते. तोच म एफ सेव्हनवर अडकल्यासारखा वाटतो, ग कडे उतरायला बघतो. बी फ्लॅट सेव्हनवर तोच मूळ स्वर होऊन निवांत बसतो. पेटीवाल्यांना हे सर्वात उशिरा ऐकू येतं, कारण तानपुऱ्याने आपल्याला एकच सा कानात भरवलेला असतो.

रागाचा रंग घ्यायचा तर 'सो व्हॉट'सारखी मोकळी जमीन बरी, जिथे कॉर्ड फार हलत नाहीत. पण अशा जमिनीवर चीज बांधणं नवशिक्याला सोपं वाटतं तेवढं नाही. कॉर्ड काहीच मदत करत नाहीत, सगळं चालीवर आणि वाजवणाऱ्यावर येतं. म्हणून पहिली चीज ब्लूज, माझं हेच मत.

खडूस_काका

पियानोवालीबाईंशी सहमत. (हे लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.)

मांडवी_ब्रास

पणजीहून. ट्रम्पेट वाजवतो, म्हणून फुंकणाऱ्यांच्या बाजूने चार शब्द.

आमच्याकडची जुनी पिढी चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकून मुंबईला गेली. 1935 साली लिओन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमध्ये आला आणि मुंबईच्या वादकांना खरं जॅझ समोरासमोर ऐकायला मिळालं. मग मिकी कोरियांचा बँड ताजला 1939 पासून दोन दशकं वाजला. चिक चॉकलेट (मूळ नाव आंतोनियो शाविएर वाझ) ट्रम्पेटवर होते आणि आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यकही. 'अलबेला' (1951) ऐका, त्यातला ट्रम्पेट ऐकला की कळेल. ही माणसं दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात. कागदावर लिहिणं आणि वाचणं त्यांना श्वासासारखं होतं. आजच्या मुलांचं तिथेच अडतं: डोक्यात चाल आहे, कागदावर नाही, मग सॅक्सवाला विचारतो "म्हणजे नेमकं काय वाजवू?"

एक पान पुरतं. वर चाल, चालीच्या वर कॉर्डची नावं, कोपऱ्यात लय आणि "स्विंग" (जॅझची झुलती चाल) हा शब्द. पियानोचा डावा हात लिहायचा नाही, बेसची ओळ लिहायची नाही, ज्याची त्याची कामं ज्याला त्याला करू द्या. म्यूझस्कोर हे संगीत लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लिहा.

आणि बाब, सॅक्सवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहा. फुंकणाऱ्याला श्वास लागतो. तुमची पहिली चाल त्याला दिली असती तर सहाव्या बारला तो निळा पडला असता. :-)

झोपेत_गुणगुणणारा

अवांतर: एलिंग्टनचा विषय निघालाच आहे तर, 1963 च्या दौऱ्यात त्याचा बँड भारतातही आला होता. त्यातून पुढे 'फार ईस्ट स्वीट' झाली (1967). तिच्यात 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' नावाचा भाग आहे, कंसात चक्क 'मैना'. क्लॅरिनेटवर जिमी हॅमिल्टन एक छोटासा पक्ष्याचा तुकडा वाजवत राहतो आणि बँड त्याच्याभोवती आपलं काम करत राहतो. त्या रचनेत बिली स्ट्रेहॉर्नचा हात मोठा.

मांडवी_ब्रास

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. एलिंग्टन आपल्या बँडमधल्या माणसांसाठी लिहायचा. 1940 चं 'कन्चेर्टो फॉर कूटी' हे कूटी विल्यम्सच्या ट्रम्पेटसाठी, त्याच्या म्यूटच्या (ट्रम्पेटच्या तोंडाला लावायचं झाकण) घोगऱ्या आवाजासकट. तुमचा सॅक्सवाला कुठल्या सप्तकात गोड वाजतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे चाल ठेवा.

पांढरी_चार

हे घ्या. ताईंची तीन स्वरांची अट, जर्सीवाल्यांचा गंधार, मांडवीकरांचा श्वास, सगळं सांभाळलंय.

तुकडा असा: पहिली मात्रा रिकामी, दुसरीवर प, तिसरीवर म, आणि चौथीनंतरच्या अर्ध्या मात्रेवर ग, तो पुढच्या बारमध्ये ओढून सोडून द्यायचा. बाकी बार गप्प.

1-2: – प म ग
3-4: तेच, ग नंतर एक आखूड सा
5-6: – प म ग॒
7-8: पुन्हा शुद्ध ग
9: सा (पूर्ण बार)
10: नि (पूर्ण बार)
11: नि॒
12: काही नाही

कॉर्ड: चार बार एफ सेव्हन, दोन बी फ्लॅट सेव्हन, दोन एफ सेव्हन, मग जी मायनर सेव्हन, सी सेव्हन, शेवटचे दोन एफ सेव्हन.

फार साधं झालं का? चौघांपुढे ठेवायला थोडी लाज वाटते आहे.

दादरची_पियानोवाली

ही चीज आहे. पहिला होता तो पलटा.

चौथीनंतरच्या अर्ध्या मात्रेवर गंधार टाकलाय ते सर्वात आवडलं. बार सुरू व्हायच्या आधीच स्वर येऊन पोचतो, तिथूनच स्विंग सुरू होतो. बँडमध्ये कुणी तो ओढून नीट सरळ पहिल्या मात्रेवर आणला तर चीज मेलीच म्हणून समजा. म्हणताना टाळी दोन आणि चारवर द्या. समेवर टाळी द्यायची आपली सवय इथे नडते. आमच्याकडे येणारी मुलं हमखास एक आणि तीनवर देतात, मग सगळं बँडबाजासारखं वाजतं.

दुरुस्ती एकच: सातव्या-आठव्या बारला तुकडा चौथ्यांदा तसाच येतो तेव्हा कान थकतो. तिथे प काढून टाका, नुसते म आणि ग ठेवा. किंवा तुकडा एक मात्रा उशिरा सुरू करा.

जर्सी_बेस

मस्त. बारावा बार रिकामा ठेवलाय ते शहाणपणाचं, सोलो करणारा तिथून उचलेल. कोपऱ्यात सी सेव्हन लिहून ठेवा, म्हणजे परत पहिल्यावर यायला वाट मिळते.

लाज कसली? तुमच्या चिजेत दोन गंधार आणि दोन निषाद धरून सात स्वर, 'सी जॅम ब्लूज'च्या तिप्पट तरी झाले.

ठेका_चुकला

ड्रमवाल्याचा सूर कुणी घेत नाही म्हणून मीच बोलतो. लय सांगा! मिनिटाला 120 मात्रांनी वाजलं तर आळसावलेलं, 200 ला वाजलं तर वेगळीच चीज. आणि आराखडा आधी ठरवा: चाल दोनदा, मग सॅक्स, मग कीबोर्ड, मग बेस, मग ड्रमबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण, पुन्हा चाल दोनदा. शेवट कसा करायचा हेही. नवीन चीज पडते ती बहुतेक शेवटाला, सगळे एकमेकांकडे बघत राहतात. सर्वात सोपा उपाय म्हणजे शेवटचे चार बार तीनदा म्हणायचे. तिहाईच आहे, तुम्हाला सवय असेल.

पांढरी_चार

दुरुस्ती केली, सातव्या बारला प काढला. लय 132 ठरवतोय. एक शंका राहिली. म्यूझस्कोरमध्ये आल्टो सॅक्सचं पान काढलं तर सगळं डी मध्ये दिसतंय. बिघडलंय का काही?

मांडवी_ब्रास

काही बिघडलेलं नाही. आल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे, त्याच्या कागदावरचा सी म्हणजे तुमचा ई फ्लॅट. म्हणून तुमची पांढरी चार त्याच्या पानावर पांढरी दोन होते. उद्या ट्रम्पेट आला तर त्याला जी मध्ये द्यावं लागेल, पांढरी पाच. तेच पान त्याच्या हातात ठेवा, सरगम सांगत बसू नका. आणि कॉर्डची नावंही त्याच्या पानावर बदललेली आहेत ना ते तपासा. कॉर्ड चालीच्या ओळीला जोडलेले नसतील तर ते जुन्याच पट्टीत राहतात, मग सोलोच्या वेळी सॅक्स एका गावात आणि कीबोर्ड दुसऱ्या.

खडूस_काका

चीज बरी आहे. नवव्या बारकडे लक्ष द्या. तिथे चालीत सा लांब धरलाय, म्हणजे एफ. बेसवाल्याने सवयीने खाली एफच ठोकला तर ऐकणाऱ्याला आपण घरी पोचलो असं वाटेल आणि पुढचा जिना फुकट जाईल. पहिल्या मात्रेवर त्याने जी वाजवलाच पाहिजे. तुमच्या डाव्या हातातही सा नको, म आणि ध पुरेत. सराव झाला की रेकॉर्डिंग इथे टाका, ऐकून सांगतो काय चुकलं ते.